त्या दिवशी कारखाना बंद होता

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. घरात बायकोही मिस्त्रीच म्हणायची, आणि चिडली की ‘अहो मिस्त्री’. एकतीस वर्षं एकाच लाँड्रीत काढलेला माणूस. ही लाँड्री म्हणजे मोठा कारखानाच होता. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे ट्रकनं यायचे आणि धुऊन, वाळून, घडी होऊन ट्रकनंच परत जायचे. मिस्त्री तिथला यंत्रदुरुस्तीवाला. बॉयलर, धुलाईचे ड्रम, पंप, पट्टे, सगळं त्याच्या अंगावर. नाकासमोर चालणारा माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. कान मात्र तिखट. जेवता जेवता मध्येच घास थांबवून म्हणायचा, “तीन नंबरचा पट्टा रडतोय,” आणि डबा तसाच उघडा टाकून उठायचा.

कामगार दिनाची सुट्टी त्याच्या घरात पूर्वीपासून मोठी. त्याचा बाप मालधक्क्यावर पोती वाहायचा. वर्षातून त्या एकाच दिवशी तो पोत्याला हात लावत नसे. पण सुट्टी कशी घालवायची हे त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी दाढी करायचा, कंटाळा आला की दुपारी परत करायचा. मुकादमाचा माणूस हमखास बोलवायला यायचा, कारण माल काही सुट्टी बघून येत नाही. मग बाप दारामागे उभा राहायचा आणि लहानगा मिस्त्री दारात येऊन सांगायचा, “बाबा घरी नाहीत.” दाराखालून बापाचे पाय दिसत असायचे. मुकादमाचा माणूस त्या पायांकडे बघायचा, हसायचा आणि निघून जायचा. बाप म्हणायचा, “आज मी कुणाला सापडणार नाही. उद्या या, मारून मारून काम करून घ्या.”

पुढे मिस्त्री स्वतः कामाला लागला तेव्हा त्यानंही ती सुट्टी कधी सोडली नव्हती. लाँड्री जुनी होती आणि मालकाचे वडील त्या बाबतीत कडक होते. त्या दिवशी बॉयलर गार असायचा. ते गेले, मुलगा मालक झाला, आणि सुट्टी हळूहळू पातळ होत गेली. कारण साधंच होतं. सुट्टी आली की लोक फिरायला निघतात, हॉटेलं भरतात, चादरी दुप्पट लागतात. इतरांची सुट्टी ती लाँड्रीची घाई.

त्या वर्षी आदल्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. ‘कामगार दिनानिमित्त उद्या कारखाना पूर्ण बंद राहील. सर्व श्रमिक बंधू-भगिनींना शुभेच्छा.’ खाली मालकाची सही. जेवणाच्या सुट्टीत मालक स्वतः खाली उतरला, श्रमाच्या मोठेपणावर चार शब्द बोलला आणि प्रत्येकाला एकेक कप दिला. कपावर छापलं होतं, ‘कष्टाला सलाम’. टाळ्या झाल्या. मालक वर गेला आणि सुपरवायझर एकेकाला कोपऱ्यात घेऊन कानाशी लागला. उद्या सहा जण हवेत. पुढचं शटर खालीच राहील, मागच्या दारानं यायचं. हजेरी लागणार नाही, पैसे हातात मिळतील.

“मिस्त्री, तुम्ही नसाल तर बॉयलर कोण पेटवणार?”

मिस्त्री म्हणाला, “नोटीस लागलीय ना साहेब?”

“नोटीस सरकारला दाखवायला. चादरी गिऱ्हाइकाला. अर्धा दिवस तर यायचंय.”

मिस्त्रीच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. या वयात वाकडं कशाला घ्यायचं, असं म्हणून त्यानं मान हलवली. दारामागे उभं राहणं त्याला जमलं नाही.

आता त्या इस्त्रीच्या यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलेलं आहे. खोलीभर लांब तापलेले रोलर. दोन बायका समोर उभ्या राहून ओलसर चादरीची दोन टोकं धरायच्या आणि रोलरच्या तोंडात द्यायच्या. पलीकडून चादर कोरडी, सपाट होऊन बाहेर. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती. हात चुकून पुढे गेला की तो दांडीला लागायचा आणि रोलर जागच्या जागी थांबायचे. दांडी शहाणी होती, पण जरा जास्तच. चादरीची जाड किनार लागली तरी यंत्र थांबायचं. थांबलं की आतली चादर करपायची. चार महिन्यांपूर्वी सुपरवायझर म्हणाला होता, “मिस्त्री, या दांडीचं काहीतरी करा बुवा. दर दहा मिनिटांनी हिचा रुसवा कोण काढणार?” मिस्त्रीनं सांगितलं की नवी स्प्रिंग मागवा, दोन दिवस यंत्र बंद ठेवा, मी नीट बसवून देतो. सुपरवायझर म्हणाला, दोन दिवस कुठून आणू? तोवर बांधून ठेवा. मिस्त्रीनं दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी पक्कड आणि तार घेतली, दांडी वर उचलली आणि दोन वेढे देऊन बांधून टाकली. तेव्हापासून यंत्र एकदाही थांबलं नव्हतं. सुपरवायझर खूश होता.

सुट्टीच्या दिवशी सहा जण मागच्या दारानं आत गेले. पुढचं शटर बंद असल्यामुळे आत दिवे लावावे लागले. रोलरवर एका टोकाला चिमणी होती. चिमणी हे तिचं टोपणनाव. अंगानं एवढीशी आणि तोंड दिवसभर चालू, म्हणून पडलेलं. वय सव्वीस-सत्तावीस, घरी आई, आणि आई डोळ्यांनी अधू. मिस्त्रीला ती काका म्हणायची.

“काका, कप आणलात का?” तिनं सकाळीच ओरडून विचारलं. “कष्टाला सलाम करून चहा प्यायचाय.”

“घरी ठेवलाय. बायको म्हणाली, सलाम करायचाय तर आधी भांडी घासा.”

सगळे हसले. अकराच्या सुमारास मिस्त्री बॉयलरपाशी वाफेचा दाब बघत होता. किंकाळी त्यानं नंतर ऐकली. आधी ऐकू आला रोलरचा आवाज. घशात काही अडकल्यासारखा तो घोगरा झाला. तो धावत सुटला. चादरीचा कोपरा दुमडला होता आणि तो सरळ करायला गेलेला चिमणीचा उजवा हात मनगटापर्यंत आत होता. मिस्त्रीनं लाल बटण मारलं. रोलर थांबले; पण थांबलेले रोलर तापलेलेच असतात. वरचा रोलर उचलायला बाजूला एक हातचाक आहे, ते अकरा वेळा फिरवावं लागतं. मिस्त्रीनं ते हजारदा फिरवलं असेल. त्या दिवशी ते अकरा फेरे संपेनात. चौथ्या फेऱ्याला चिमणीचं ओरडणं थांबलं आणि ते न ओरडणं ऐकवेना.

तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. एका बाजूला सुपरवायझर, एका बाजूला मिस्त्री, मध्ये ती, हात ओल्या टॉवेलमध्ये. तो टॉवेलही लाँड्रीचाच. कुणा हॉटेलचं नाव विणलेला. सुपरवायझरनं वाटेत तो काढायला लावला आणि स्वतःचा शर्ट दिला. तेव्हा मिस्त्रीला वाटलं, माणूस बरा आहे, अंगातला शर्ट देतोय. इस्पितळातल्या नोंदणीच्या खिडकीपाशी पोचल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला.

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, “कुठे झालं?”

“घरी,” सुपरवायझर म्हणाला. “इस्त्री करताना.”

कारकुनानं मान वर केली. “इस्त्रीनं हात चेपतो?”

“घाबरून मागे सरली, तर अंगावर कपाट आलं.”

कारकुनानं मिस्त्रीकडे पाहिलं. “तुम्ही कोण?”

सुपरवायझरचा हात मिस्त्रीच्या पाठीवर होता, मायेनं ठेवल्यासारखा.

“शेजारी,” मिस्त्री म्हणाला.

कारकुनानं लिहून घेतलं. चिमणीची तीन बोटं गेली. उरलेली दोन राहिली, पण वळेनात.

दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आत सुपरवायझरनं त्याला बोलावलं. दांडीची तार काढायची होती. मिस्त्रीनं काढली. दांडी खाली आली, आणि दिवसभर यंत्र दर दहा मिनिटांनी थांबत राहिलं. कुणी ब्र काढला नाही. मालक खाली उतरला, फार वाईट झालं म्हणाला, आणि पुढे म्हणाला, “पण कारखाना तर बंद होता. बंद कारखान्यात अपघात कसा होईल? नोटीस सगळ्यांनी वाचलीच आहे.” त्या दिवशी आलेल्या बाकीच्या चौघी खाली मान घालून चादरी घडी करत राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनाही घरं होती.

मिस्त्रीचं घरी बिनसलं ते एका चादरीवरून. बायकोनं गादीवर धुतलेली चादर घातली की तो ती काढून ठेवायचा आणि नुसत्या गादीवर आडवा व्हायचा. चार दिवस तिनं बघितलं. पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप त्याच्यासमोर आपटला.

“अहो मिस्त्री, चादरीनं काय घोडं मारलंय तुमचं?”

त्यानं सगळं सांगितलं. दांडी, तार, खिडकी, शेजारी. बायको शिवणकाम करायची. हातातली सुई तशीच धरून ऐकत राहिली.

“तार बांधायला कुणी सांगितलं होतं?”

“सुपरवायझरनं.”

“लिहून?”

“छे. तोंडी.”

“मग तुम्ही तोंड उघडलंत तर दोरी तुमच्याच गळ्यात.”

“हो.”

“आणि दीड वर्ष राहिलंय.”

“हो.”

तिनं सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाली, “मी जा म्हणणार नाही आणि जाऊ नका असंही म्हणणार नाही. उद्या मला बोल लावाल. पण एक सांगते, हे असं फरशीवर पडल्यासारखं झोपून तिचा हात यायचा नाही.”

महिन्याभरानं तो चिमणीकडे गेला. दोन खोल्या, पहिल्या मजल्यावर. आई दाराशी बसून आवाजावरून माणसं ओळखत होती. चिमणी खाटेवर होती, आणि इतकी गप्प, की आपण दुसऱ्याच घरी आलो असं त्याला क्षणभर वाटलं. कारखान्यातून नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं होतं. तिची गरज उरली नव्हती. भरपाईचा अर्ज तिनं गावाहून आलेल्या भावाकडून लिहून घेऊन पाठवला होता, तोही परत आला होता.

“काका, ते विचारतात, सुट्टी होती तर तू तिथे काय करत होतीस? इस्पितळाच्या कागदावर घर लिहिलंय. मी शुद्धीवर नव्हते तेव्हा कुणीतरी शेजारी होता म्हणे सोबत. आमचे शेजारी तर गावाला गेले होते.”

“तो शेजारी मी,” मिस्त्री म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं.

“आणि दांडीला तार होती ना, ती मी बांधली होती. सांगितलं त्यानं, पण बांधली मी. मला ठाऊक होतं ती दांडी कशासाठी असते. बाकी कुणाला नसेल इतकं ठाऊक होतं.”

आई दारातून म्हणाली, “कोण आलंय गं? चहा टाकू?”

“कुणी नाही आई. निघालेत ते,” चिमणी म्हणाली. मग हळू आवाजात त्याला म्हणाली, “मी तुम्हाला रोज काका म्हणत होते.”

तो जिना उतरला. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीत गेला. दोन तास बाकावर बसला. दोनदा उठून जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. शेवटी आत बोलावलं. अधिकारी एक बाई होत्या, चष्मा कपाळावर आणि समोर कागदांचा डोंगर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तार बांधली हे तुम्ही स्वतः लिहून द्याल? त्यात तुमचंही नाव येईल. कळतंय ना?”

“कळतंय.”

“बरं. पण त्या दिवशी यंत्र चालू होतं याला पुरावा काय? हजेरी नाही. नोटीस बंदची आहे. त्या चार बायका म्हणतील, आम्ही घरी होतो.”

मिस्त्रीला यंत्राच्या प्रश्नाचं उत्तर देणं कधी जड गेलं नव्हतं. “बाई, माणसं खोटं बोलतील. मी बोललोच की. पण ते रोलर, पंखे, पंप सगळं विजेवर चालतं, आणि वीज रोजची रोज मोजली जाते. बंद कारखान्यानं त्या दिवशी किती वीज खाल्ली ते वीजवाल्यांना विचारा. आणि त्या संध्याकाळी हॉटेलात चारशे चादरी पोचल्या, त्या काय उडत गेल्या?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लिहायला सुरुवात केली.

चौकशी नऊ-दहा महिने चालली. विजेचा आकडा आला तेव्हा मालकाचा सूर बदलला. आता कारखाना थोडा वेळ चालू होता, पण मालकाला त्याची कल्पना नव्हती. सुपरवायझरनं लिहून दिलं की दांडी बांधायला आपण कधीच सांगितलं नाही, मिस्त्रीनं आपल्या डोक्यानं केलं. तोंडी हुकमाला साक्षीदार नव्हता. अहवालात मिस्त्रीचं नाव आलं, ‘सुरक्षेचं साधन निकामी करणारा’ म्हणून, आणि त्याच कारणानं त्याला कामावरून काढलं. निवृत्तीला तेव्हा सात महिने उरले होते. मालकाला दंड झाला. सुपरवायझर तिथेच आहे. चिमणीला भरपाई मिळाली, मागितली होती त्याच्या निम्मी. पण कागदावर ‘घर’ खोडून ‘कारखाना’ लिहिलं गेलं.

सगळ्यात लागली ती गोष्ट वेगळीच. त्या चौघींपैकी एक त्याला बाजारात भेटली. त्याला वाटलं, बरं बोलेल. ती म्हणाली, “मिस्त्री, तुमचं काय, तुम्ही सत्यवादी झालात. आमचं सुट्टीचं जास्तीचं काम गेलं. मुलीच्या शाळेचं त्यातून भागत होतं.” ती खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या वर्षीची कामगार दिनाची सुट्टी खरोखरची होती. बॉयलर गार, मागचं दारही बंद. मिस्त्री आता एका पंपदुरुस्तीच्या दुकानात जात असे, तेही बंद होतं. सकाळपासून तो घरात नुसता फिरत होता. बायको म्हणाली, “बसा की एका जागी. सुट्टी आहे, शिक्षा नाही.”

तो बसला. सुट्टी का असते हे त्याला कुणी सांगायला नको होतं. शाळेत शिकवलेलं, भाषणांत ऐकलेलं सगळं पाठ होतं, कुणी कधी काय मिळवलं ते. पण त्या सगळ्यात एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती: ‘येणार नाही’ म्हणायला एकट्या माणसाला किती जड जातं, आणि म्हणूनच तो दिवस सगळ्यांनी मिळून ठरवलेला असतो. त्या आदल्या दिवशी सहा जणांना एकेकटं कोपऱ्यात नेलं होतं. सहाही जण एकत्र उभे असते तर कुणीतरी पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं असतं. कदाचित चिमणीच. तिचं तोंड कुठे थांबायचं.

दुपारी दार वाजलं. बायकोनं उघडलं आणि ती बाजूला झाली. दारात चिमणी होती. उजवा हात पदराखाली. आत ये म्हटल्यावर आली, बसली नाही.

“एक काम होतं,” ती म्हणाली. काका म्हणाली नाही. “घरच्या दाराची बाहेरची कडी बदलायची आहे. मला डाव्या हातानं ती ओढता येत नाही, आणि आईला दिसत नाही म्हणून जाताना ती घालावीच लागते. मी बाहेरून आले की शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. दोन सुतारांना बोलावलं. ते दार नवीन करा म्हणतात.”

“आत उघडतं की बाहेर?”

“आत.”

“कडी वर आहे की मध्ये?”

“वर. फार वर.”

मिस्त्रीनं हत्यारांची पिशवी काढली. बायको म्हणाली, “अहो, आज सुट्टी आहे.” मग स्वतःच जीभ चावली.

“असू द्या,” चिमणी तिला म्हणाली. “उद्या आले तरी चालेल. मी आज बोलावलेलं नाही. फक्त सांगायला आले.”

मिस्त्री पिशवी घेऊन मध्येच उभा राहिला. चिमणी जायला वळली, मग दारातून म्हणाली, “उद्या सकाळी या. आठच्या आत नको. आई उशिरा उठते.”

दुसऱ्या दिवशी तो सव्वाआठला पोचला. जुनी कडी उतरवली, कमरेच्या उंचीला कोपरानं ढकलली तरी सरकेल अशी नवी बसवली, लाकूड थोडं तासून घेतलं. चिमणीनं बाहेर जाऊन तीनदा उघडून बघितलं, दोनदा डाव्या हातानं, एकदा कोपरानं. आईनं हातानं चाचपून बघितली आणि विचारलं, “कोण आहेत गं हे? चांगलं काम करतात.”

“लाँड्रीत होते आमच्या,” चिमणी म्हणाली.

तिनं चहाचं विचारलं नाही. त्यानं भुसा गोळा केला, कागदात बांधला आणि खाली उतरला.